कूस बदलणारी सत्यशीलाबाई

अंबाजोगाईत श्री अमृतगिरी सेवा मंडळाचं रोजगार केंद्र आहे. तिथं मी सात वर्षं कॉम्प्युटरवर बसतो. शहरातल्या गरजू लोकांना कामाला लावणं हे या केंद्राचं काम. सात वर्षांत केंद्रानं खात्रीनं कामाला लावलेला माणूस मला एकच माहीत आहे, आणि तो मी स्वतः. माझे मामा मंडळाच्या भजनात पखवाज वाजवतात, म्हणून.

केंद्र सोमवारी आणि गुरुवारी अकराला उघडतं. आलेल्यांनी चपला बाहेर काढायच्या, महाराजांच्या तसबिरीला हात जोडायचे, आरतीला उभं राहायचं आणि मग केंद्राचे अध्यक्ष माणिकराव काका यांचं प्रबोधन ऐकायचं. काका निवृत्त मुख्याध्यापक. पांढरा नेहरू शर्ट, कपाळाला अष्टगंध, आणि बोलणं असं की समोर अजून पाचवीचा वर्गच बसलाय. "काम नाही असं कधीच नसतं," ते सांगतात, "मनाची तयारी नसते." ऐकायला बसलेले असतात हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बाया, सेंटरिंगवरून पडून पाय मोडून घेतलेले गडी. कामाशिवाय आयुष्यात दुसरं काही न केलेली ही माणसं मनाची तयारी कशी करायची ते अर्धा तास मुकाट ऐकून घेतात. नंतर मी त्यांचे फॉर्म भरतो.

कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यावर, दिवाळीच्या आसपास, सत्यशीलाबाई आल्या. वय पंचेचाळीसच्या पुढे, उंचीनं कमी, खांदे मात्र गड्यासारखे रुंद. आरतीच्या वेळी त्या बाहेर पायऱ्यांवर बसून राहिल्या आणि आरती संपल्यावर आत आल्या. हे काकांनी पाहिलं होतं.

"नाव?"

"सत्यशीला."

"जात?" हा रकाना फॉर्मवर आहेच.

"बौद्ध."

"असू दे, असू दे," काका मागून म्हणाले, "आपल्याकडं तसलं काही मानत नाहीत." त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"काय काम येतं?" मी विचारलं.

"पेशंट सांभाळते. चौदा वर्षं झाली."

त्यांनी सांगितलं ते असं. केजकडच्या एका खेड्यातून त्या लग्न होऊन इथं आल्या. नवरा तानाजी मोंढ्यात हमाली करायचा. सासरा आजारी पडला आणि वर्षभर अंथरुणाला खिळला तेव्हा त्याचं सगळं बाईंनी केलं. ते बघून शेजारणीनं आपल्या आईसाठी बोलावलं, तिथून तिसरीनं. पुढं खेड्यापाड्यांतून दवाखान्यात आलेले नातेवाईक त्यांना शोधत यायला लागले. ज्यांच्या घरी सुगी चालू आहे, लेकरं लहान आहेत, त्यांच्या माणसाजवळ बाई बसायच्या. अंग पुसायचं, शी-लघवीचं भांडं द्यायचं, भरवायचं, कूस बदलायची. कोरोना आला तेव्हा वॉर्डात सख्ख्या लेकालाही जाता येईना, मग बाईंना कोण सोडणार? काम तुटलं. तानाजीला मणक्याचं दुखणं लागलं आणि पोतं उचलणं बंद झालं.

मी हे ऐकलं आणि काकांकडं पाहिलं. फॉर्मवर 'कौशल्य' म्हणून रकाना होता.

"प्रमाणपत्र आहे का काही?" काकांनी विचारलं.

"पेशंट कुठं सर्टिफिकेट देतो, साहेब?"

"मग निरंक लिही," काका मला म्हणाले.

मी लिहिलं. बी. कॉम. झालेला माणूस आहे मी, निरंक म्हणजे काय ते मला चांगलं कळतं.

बाईंना अगरबत्तीच्या वर्गात घातलं. तीन महिने त्या बारा बायकांबरोबर काड्या वळत होत्या. त्या अगरबत्त्या बाजारात कुणी विकत घेत नव्हतं, कारण त्या अर्ध्यावर विझायच्या. सगळ्या मंडळाच्याच आरतीत संपायच्या. समारोपाला बायकांना प्रमाणपत्रं मिळाली, फोटो झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या बाराही जणी आपापल्या पूर्वीच्या घरी भांडी घासायला गेल्या. सत्यशीलाबाईंना काकांनी केंद्रातच ठेवून घेतलं. झाडायला, पुसायला. वार्षिक अहवालात त्यांचा उल्लेख 'रोजगारप्राप्त भगिनी' असा झाला. तेही मीच टाइप केलं.

भिंतीवर मोठा फलक आहे: 'भेदभाव नको, भक्तिभाव हवा.' बाई रोज तो ओल्या फडक्यानं पुसायच्या. उत्सवात महाप्रसादाच्या भटारखान्यापाशी मात्र त्यांना कुणी बोलवायचं नाही. कुणी अडवायचंही नाही. नुसतं त्या तिकडं वळल्या की एखादी ताई लगबगीनं पुढं यायची आणि म्हणायची, "तुम्ही राहू द्या हो मावशी, तुम्ही दमला असाल."

पुढच्या वर्षी मंडळाला रुग्णसहायक प्रशिक्षण काढायचं सुचलं. दवाखान्यांचं गाव, तेव्हा कल्पना चांगलीच होती. शिकवायला रोहिणीताई आल्या. त्या मंडळाच्या एका विश्वस्तांची सून. बोलणं गोड, साडी कडक इस्त्रीची. त्यांनी आयुष्यात कुणाचं भांडं उचललं असेल असं त्यांच्या हातांवरून वाटत नव्हतं. त्या पडद्यावर चित्रं दाखवायच्या: रुग्णाशी हसून बोला, रुग्णात देव पाहा, सकारात्मक लहरी पाठवा. बावीस बायका वहीत उतरवून घ्यायच्या. सत्यशीलाबाईंनीही नाव द्यायला काकांना विचारलं होतं. दहावीची अट आहे म्हणून काकांनी नाही म्हटलं. ही अट त्यांनी त्या क्षणी जन्माला घातली, कारण अर्जाचा मजकूर माझ्याकडं होता आणि त्यात ती नव्हती.

एका गुरुवारी प्रात्यक्षिक होतं. टेबलावर प्लास्टिकची बाहुली ठेवून रोहिणीताई पेशंटखालची चादर कशी बदलायची ते दाखवत होत्या. त्यांनी बाहुली उचलून बाजूला ठेवली, चादर बदलली आणि बाहुली परत ठेवली.

मागं झाडू घेऊन उभ्या असलेल्या सत्यशीलाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "ताई, माणूस असा उचलता येत न्हाई. सत्तर किलोचा असतो. आन् त्याला दुखतं."

बायका हसल्या. पहिल्या रांगेत रूपाली नावाची एक मुलगी होती, परळीकडची, बी. ए. झालेली. तिनं वळून विचारलं, "मग कसं करायचं, मावशी?"

बाई पुढं आल्या. बाहुलीला एका कुशीवर वळवलं, जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळली, नवी लावली, दुसऱ्या कुशीवर वळवून दोन्ही ओढून घेतल्या. अर्धं मिनिट लागलं नसेल. रोहिणीताई म्हणाल्या, "छान, छान, पण आपण आता पुढच्या स्लाइडकडं जाऊ." त्या दिवशी काकांनी बाईंना खोलीत बोलावून सांगितलं की वर्ग चालू असताना झाडायला यायचं नाही.

बावीस बायकांना प्रमाणपत्रं मिळाली. रूपालीचा पहिला नंबर आला.

आणि दोनच महिन्यांनी काकांच्या आईला लकवा मारला.

वच्छलाबाई त्यांचं नाव, वय चौऱ्याऐंशी. उजवं अंग गेलं, वाचा अडखळली. दवाखान्यातून घरी आणल्यावर काकांनी मोठ्या अभिमानानं आपल्याच केंद्राची प्रमाणित रुग्णसहायक बोलावली. ती पहिल्या दिवशी दुपारीच गेली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की पेशंट अंथरुणात शी करतो. दुसरी चार दिवस टिकली. ती हसून बोलायची, लहरी पाठवायची आणि म्हातारीला पाठीवर झोपवून ठेवायची. काकांच्या बायकोला, सुंदरबाईंना, वासानं मळमळायचं. त्या दारातूनच नामस्मरणाची कॅसेट लावायच्या. तीन आठवड्यांत म्हातारीच्या माकडहाडावर तळहाताएवढी जखम झाली. घरी आलेल्या डॉक्टरांनी चादर उचलली आणि काकांकडं पाहून विचारलं, "सर, पाठ कुजतेय. या घरात कुणी यांची कूस बदलतं की नाही?"

त्या दिवशी मी अहवालाच्या सहीसाठी काकांच्या घरी होतो. काका ओसरीत बसले होते, हातात माळ होती. मी म्हणालो, "काका, आपल्या केंद्रात झाडायला येतात त्या बाईंनी चौदा वर्षं हेच केलंय."

काकांनी माळेचे दोन-चार मणी ओढले. मग म्हणाले, "सांग तिला. मागच्या दारानं ये म्हणावं, पुढं लोकांची ये-जा असते."

मी निरोप जसाच्या तसा दिला. भिडस्त माणूस निरोपाचा गाळ गाळून देतो. मी तेवढाही नव्हतो.

बाईंनी फरशी पुसायची थांबवली नाही. "पेशंट कुठल्या खोलीत हाय?"

"पुढच्या."

"मग पुढच्या दारानं येईन. आन् काकाला सांगा, झाडायच्या पगारात हे बसत न्हाई."

काकांनी हे ऐकून बाईंना खोलीत बोलावलं आणि हात जोडले. "अहो बाई, ही तर सेवा आहे. मातृसेवा!"

"सेवा तुमी करा साहेब, आई तुमची हाय. मी काम करते."

पगार ठरला. काकांचा चेहरा असा झाला, जणू नैवेद्याच्या ताटात केस निघाला.

पहिल्या दिवशी वच्छलाबाईंनी वाकड्या झालेल्या तोंडानं, तुटक तुटक विचारलं, "कोणाची... गं तू?" म्हातारीला काय विचारायचं होतं ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

"आधी पाठ बघू द्या आई," बाई म्हणाल्या, "मग बोलत बसू. लई येळ हाय आपल्याला."

पुढं पाच महिने त्या घरात काय चाललं ते मी अधूनमधून बघत होतो. भिंतीवर बाईंनी कोळशानं रेघा मारल्या होत्या. दर दोन तासांनी डावी कूस, उजवी कूस, उताणं. केंद्र झाडायला आणि घरी जाऊन यायला तेवढ्या त्या बाहेर पडायच्या, रात्रीही तिथंच थांबायच्या. गुडघ्यांच्या मधे उशी, टाचांखाली घडी केलेलं लुगडं. जखम डॉक्टर सांगतील तशी धुवायची. पेज भरवताना म्हातारीला बसतं करायचं आणि एक घास गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. सुंदरबाई घाईनं चमचा पुढं करायला लागल्या तर बाई त्यांचा हात धरायच्या. "कावून ढकलताव वैनी? छातीत जाईल ते." सुंदरबाईंनी पाण्यासाठी बाईंचा वेगळा पेला खिडकीत ठेवला होता. बाईंनी त्याला कधी हात लावला नाही. त्या घरून बाटली आणायच्या.

म्हातारीनं पहिला महिना त्यांना शिव्या दिल्या. दुसऱ्या महिन्यात त्या पाच मिनिटं उशिरा आल्या तरी दाराकडं बघत रडायला लागली. तिसऱ्या महिन्यात जखम भरली. पाचव्या महिन्यात वॉकर धरून, बाईंच्या आधारानं, ती ओसरीपर्यंत आली.

मग आला अमृतगिरी महाराजांचा वार्षिक उत्सव. मैदानात मांडव, दोन हजार माणसं. आदल्या वर्षी 'स्वावलंबनाची वाट' या विषयावर व्याख्यान होतं. या वर्षी काकांनी स्वतःचाच अनुभव सांगायचं ठरवलं. त्यांनी आईला व्हीलचेअरवर व्यासपीठावर आणलं आणि डोळे पुसत सांगितलं की डॉक्टरांनी हात टेकले होते, पण महाराजांचा अंगारा रोज कपाळाला लावला आणि आई उठली. टाळ्या झाल्या, जयघोष झाला. मग काका म्हणाले, "या कार्यात महाराजांनी निमित्तमात्र केलेली आपल्या केंद्राची एक भगिनी इथं आहे. तिच्याच तोंडून महाराजांची कृपा ऐका." साडी-नारळ देऊन त्यांनी सत्यशीलाबाईंना माइकपुढं उभं केलं.

मी स्पीकरवाल्याच्या शेजारी होतो. बाईंनी नारळ खाली टेबलावर ठेवला. माइकवर बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून आवाज नको तितका मोठा आला.

"आईच्या पाठीला तळहाताएवढी जखम होती. अंगाऱ्यानं पाठ भरली का काय ते मला न्हाई माहीत. मी कूस बदलत होते. दोन-दोन तासाला. पाच महिने. डॉक्टरांनी मलम दिलंतं, ते लावत होते. ज्याच्या घरात पेशंट हाय त्यानं दोन तासाला कूस बदला. इतकंच सांगते. भांडं द्यायला लाजू नका, तुमचीच माणसं हाईत. जय भीम."

टाळ्या वाजल्या नाहीत. काकांनी माइक ओढून घेतला आणि भजनी मंडळाला खूण केली. माझ्या मामांनी पखवाजावर थाप मारली, ती चुकली.

बाई व्यासपीठावरून उतरल्या तर खाली बायकांनी त्यांना घेरलं. कुणाची सासू, कुणाचा बाप, कुणाचा अपघातात पडून असलेला लेक. एकीनं तर हातावर पेनानं त्यांचा नंबर लिहून घेतला. केंद्राच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन मी बाजूलाच उभा होतो. माझ्याकडं कुणी आलं नाही.

सोमवारी काकांनी बाईंना सांगितलं की संस्थेच्या शिस्तीत त्या बसत नाहीत, उद्यापासून झाडायला येऊ नका. आणि त्याच दमात, आवाज खाली आणून म्हणाले, "घरी मात्र येत राहा. आईला सवय झालीय."

असली निर्लज्ज विनंती मी त्याआधी ऐकली नव्हती. बाई निघून जातील असं मला वाटलं. मीच असतो तर गेलो असतो, म्हणजे मला आपलं असं वाटतं. प्रत्यक्षात मी त्याच दिवशी त्याच खुर्चीत बसून बाईंना काढल्याचं केंद्राचं पत्र टाइप करत होतो.

"येईन," बाई म्हणाल्या. "म्हातारी आपल्या पायानं मोरीपर्यंत जाईस्तोवर येईन." आणि तसं त्यांनी केलं. दीड महिना आणखी. वच्छलाबाई एकट्या मोरीपर्यंत गेल्या त्या दिवशी बाई थांबल्या. निघताना म्हातारीनं त्यांचा हात धरून ठेवला होता, तो सोडवायला वेळ लागला. काका त्या वेळी पूजेला बसले होते.

आता बाईंचं काम असं आहे. त्यांच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक पत्र्याची खोली आहे. विहार समितीनं ती दर रविवारी त्यांना वापरायला दिली. आत एक बाज, एक गादी, दोन बादल्या. पेशंटची कामं एकटीला झेपेनात तेव्हा त्यांनी दुसऱ्या बायकांना शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या वर्गात फॉर्म नाही. आलेल्या बाईनं पहिल्या दिवशी बाजेवर उताणं पडायचं आणि चार तास हलायचं नाही. माशी बसली तरी हाकलायची नाही, तहान लागली तर सांगायचं आणि कुणी देईल तेव्हाच प्यायचं. लघवीला लागली तरी सांगायचं. "आधी पेशंट होऊन बघा," बाई म्हणतात. "मग पेशंट सांभाळा."

मंडळाच्या बावीस प्रमाणपत्रवाल्यांपैकी तिघी तिथं आल्या. रूपाली त्यातली एक. तिच्या घरच्यांना वस्तीत जाणं पसंत नव्हतं, तरी आली. दुसऱ्या तासाला बाजेवर पडल्या पडल्या तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कारण पाणी मागून पंधरा मिनिटं झाली होती आणि बाकीच्या बायका मुद्दाम गप्पा मारत बसल्या होत्या. आज ती लिंबागणेशच्या एका पेशंटच्या घरी राहून काम करते आणि तिथल्या लोकांना कूस बदलण्यावरून दटावते असं ऐकतो. चौदा बायका आहेत सध्या. काही बौद्ध, दोघी मराठा, एक मुस्लिम, दोघी वडार. कुणाला काम नाही असं होत नाही. उलट बाईंना फोनवर 'आत्ता कुणी मोकळं न्हाई' असं सांगावं लागतं.

यंदाच्या मंडळाच्या अहवालात एक परिच्छेद आहे: 'केंद्राच्या प्रेरणेतून चौदा भगिनी रुग्णसेवेत स्थिरावल्या.' सोबत उत्सवातला फोटो, सत्यशीलाबाई साडी-नारळ घेताना. त्यानंतरचा, माइकसमोरचा फोटो काकांनी काढून टाकायला लावला. मी काढला.

एवढं करून मला राहवलं नाही म्हणून मी अहवालाची प्रत घेऊन रविवारी विहाराकडं गेलो. माफी मागायची होती की मनातलं ओझं त्यांच्या दारात टाकायचं होतं, मला नक्की सांगता येणार नाही. बाईंनी परिच्छेद वाचायला लावला. ऐकून म्हणाल्या, "लिव्हू द्या की. कागदाला कुठं जखमा होत्यात?"

"तुम्हाला राग येत नाही?"

"येतो ना. कावून न्हाई येणार? पण राग धरून बसले तर दुपारचा पेशंट कोण बघंल?" मग माझ्याकडं जरा वेळ बघत राहिल्या. "शिवशंकर भाऊ, तुमी सात वर्षं लोकांला कामाला लावताव ना? झोपा बरं बाजेवर."

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी नाही म्हणू शकलो नाही. उताणा पडलो. छताला कोळ्याचं जाळं होतं, पत्रा तापलेला होता. दहा मिनिटांनी पाठीला खाज सुटली. वीस मिनिटांनी टाचा दुखायला लागल्या, दोन्ही, एकाच जागी. कुणी माझ्याकडं पाहत नव्हतं. वर्ग चालूच होता, नाकात नळी असलेल्या पेशंटला कसं भरवायचं ते बाई सांगत होत्या. मी दोनदा पाणी मागितलं.

चाळीस मिनिटांनी मी उठून बसलो.

"पुरुष हायत," सत्यशीलाबाई बायकांना म्हणाल्या, "चालायचंच." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, आणि वॉर्डातल्या कुठल्याशा पेशंटच्या नातेवाइकाला जखमेचा रंग विचारत त्या चपला घालून बाहेर पडल्या.